लीलाक्का आणि खास महिलांचा खेळ

लीलाक्का सिनेमा बघायच्या तेव्हा पडद्यावरची माणसं काय खातात ते आधी बघायच्या. कॅमेरा कुठून कुठं फिरला, दिग्दर्शक कुठल्या देशाचा, या भानगडीत त्या पडत नसत. आमच्या सांगलीच्या फिल्म सोसायटीत खेळ संपला की चर्चा चाले. प्राध्यापक मंडळी दाढीवरून हात फिरवत ‘अवकाश’ आणि ‘प्रतिमा’ असलं काहीबाही बोलत. मग पहिल्या रांगेतून एक हात वर जाई. उभा जन्म तासगावच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेला, त्यामुळे स्वतःला बोलायचं असलं तरी हात वर केल्याशिवाय त्या बोलत नसत.

“त्या म्हाताऱ्यानं सुनेच्या हातचं सूप परत मागून घेतलं. तो तिला घराबाहेर काढणार नाही हे तिथंच कळलं,” एवढं बोलून अक्का खाली बसत. प्राध्यापक हसत. मी हसत नसे, कारण बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असे.

सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली आणि एक जाड स्वेटर, तो मे महिन्यातसुद्धा. “पंख्याखाली बसायला लागलं तर?” म्हणायच्या. आणि एक सवय अशी, की समोरचा माणूस लांबण लावायला लागला, कारणं सांगायला लागला, की शांतपणे म्हणायच्या, “बरं. पुढं?” शाळेत गृहपाठ न केलेल्या पोराला विचारावं तसं. त्या दोन शब्दांपुढं भले भले गप्प झालेले मी पाहिलेत. बोलणं एरवी शुद्ध. संताप झाला की मात्र माहेर बोलायला लागायचं. माहेर उंब्रजचं.

माझी त्यांची ओळख झाली तीच भांडणातून. तेव्हा आमची महिलांची संघटना सिनेमाच्या अश्लील पोस्टरांवर डांबर फासायची. मी संघटनेची पत्रकं लिहायचे. एके दिवशी निरोप आला, फिल्म सोसायटीत निळी फिल्म लावलीय. मी पत्रकांचा गठ्ठा पिशवीत घालून निघाले. थिएटरच्या दारात ही बाई.

“काय आहे पिशवीत?”

“पत्रकं. अश्लीलतेच्या विरोधात.”

“सिनेमा बघितलास?”

“नाही. पण आमच्याकडं तक्रार आलीय आणि आमची भूमिका अशी आहे, की—”

“बरं. पुढं?”

पुढं काही नव्हतं. त्यांनी मला हाताला धरून आपल्या शेजारी नेऊन बसवलं.

आता सिनेमाबद्दल. सोसायटीचे सिनेमे सेन्सॉरच्या कात्रीतून जात नाहीत ही गोष्ट गावात फुटली होती. त्या दिवशी हॉल भरून बाप्ये आतल्या पायऱ्यांवर बसले होते. कुठल्याशा युरोपातल्या देशाचा सिनेमा, नाव उच्चारायला अवघड, थिएटरचा ऑपरेटर बापू त्याला ‘इंजिनियरचं’ म्हणायचा. पूल बांधणारा एक इंजिनियर. हुशार, टापटीप, हाताखालच्या लोकांशी गोड. आणि या माणसाला बायांवाचून राहवत नाही. सकाळी, दुपारी, साइटवरून, बैठकीतून उठून, ओळखीची, बिनओळखीची, पैसे देऊन, न देता. पडद्यावर सगळं दाखवलेलं. लपवाछपवी नाही. पहिला अर्धा तास शिट्ट्या झाल्या. मग शिट्ट्या बंद झाल्या. मग खुर्च्यांचे खटके वाजायला लागले. लोक उठून चालले. जे बघायला आले होते ते भरपूर होतं, पण त्यात कुणाला सुखच नव्हतं. इंजिनियरचा चेहरा दात दुखत असलेल्या माणसासारखा. घरी बायको ताट वाढून बसते. तो उभ्या उभ्याच एक घास तोंडात टाकतो आणि किल्ल्या उचलतो. शेवटी गाडी घरासमोर आणून उभी करतो, आतला दिवा दिसतो, आणि त्याला गाडीतून उतरता येत नाही.

दिवे लागले. हॉल निम्मा रिकामा. अक्कांचा हात वर.

“भुकेला माणूस निदान जेवताना तरी बरा दिसतो. हा मघापासून हादडतोय आणि याच्या तोंडाला चव नाही. ही भूक नाही. हा आजार आहे.”

सोसायटीचे अध्यक्ष एक डॉक्टर होते, हाडांचे. ते म्हणाले, “अक्का, असला आजार आम्हाला सगळ्यांना होवो.”

हशा. अक्का बसल्या नाहीत. हशा संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टर, पाय मोडलेला माणूस दवाखान्यात आला की तुम्ही असंच हसता काय?”

त्या संध्याकाळी विश्रामबागेकडं चालत जाताना अक्कांनी मला त्यांच्या मुलाची गोष्ट सांगितली. भूगोलाचा धडा सांगावा तशी. आवाज कुठं हलला नाही.

मुलगा दिलीप. तासगावच्या द्राक्षबागांना औषधं पुरवणाऱ्या कंपनीचा एजंट. मोटारसायकल बुडाखाली, गावोगाव ओळखी, तोंडात साखर. कुणाच्या अडीअडचणीला पहिला धावणार. आणि हे. कॉलेजपासून हे. आधी तिकडं दुर्लक्ष झालं, मग लग्न केलं की सुधारेल म्हणून लग्न केलं. सुमन अक्कांनी स्वतः बघितलेली, उंब्रजची, त्यांच्या माहेरच्या भावकीतली. दोनदा सुमनला दवाखान्यात भरती करायला लागलं होतं, नवऱ्यानं घरी आणलेल्या रोगानं. नर्सनं सुमनलाच विचारलं, “तुम्ही कुठं जाता का हो बाहेर?”

हे ऐकून मी रस्त्यातच उभी राहिले. संताप, संताप. मी म्हटलं, “अक्का, त्या नर्सचं नाव सांगा.”

“तिचं नाव घेऊन काय करतीस? ऐक पुढं.”

एकदा अक्का दिलीपला म्हसवडला सिद्धनाथासमोर घेऊन गेल्या. त्यानं देवासमोर डोकं टेकलं, रडला, शपथ घेतली. घरी येऊन जेवला. आणि ताट उचलायच्या आत मोटारसायकल काढून गेला, तो दुसऱ्या दिवशी आला.

“लोक म्हणाले, देवासमोर खोटं बोलला,” अक्का म्हणाल्या. “मी त्याच्या शेजारी उभी होते. तो खोटं बोलला नाही. खरंच बोलला. आणि खरंच जमलं नाही त्याला. त्या दिवशी मला कळलं, की हे वाईट वागण्यापलीकडचं काहीतरी आहे. पण त्याला नाव काय, ते कसं असतं, हे आज त्या इंजिनियरकडं बघून कळलं.”

सुमन दिवाळीपासून उंब्रजला आईकडं होती. आता संक्रांत सरली होती. अक्कांचे भाऊ आणि दीर यांनी मिळून उंब्रजला बैठक ठरवली होती, पुढल्याच्या पुढल्या रविवारी. सुमनला नांदायला परत पाठवायचं. मंडळींचं म्हणणं ठरलेलं: बाई नीट असली की बाप्या घरात राहतो. सुमनची आई पारूबाई हिचंही तेच मत. आपल्याच पोरीत काहीतरी कमी आहे हे तिनं मनाशी धरलेलं. अक्कांना कुणी विचारलंच नव्हतं. पोराची आई पोराच्याच बाजूची, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

“तुम्ही सांगा ना पारूबाईंना,” मी म्हटलं.

“सांगितलं. तिला वाटतं यात माझा काही डाव आहे. दुसरी सून करायची असेल, म्हणून हिला नको म्हणते. व्याही मंडळींचं बोलणं असंच ऐकतात आपल्याकडं.” मग थांबून म्हणाल्या, “मला पारूला त्या इंजिनियरची बायको दाखवायचीय. ती ताट वाढून बसते ते. तिच्यात काही कमी आहे का, ते पारूनं डोळ्यानं बघू दे.”

त्या सिनेमाची रिळं कोल्हापूरच्या सोसायटीकडं जाणार होती आणि मग परत सांगलीवरूनच पुण्याला. परतीच्या वाटेवर एक खेळ. फक्त बायकांसाठी. अक्कांनी ठरवलं म्हणजे ठरलं.

सोसायटीच्या समितीनं जे केलं ते सांगताना मला आजही राग येतो. कलेचं स्वातंत्र्य, कलेचं स्वातंत्र्य म्हणून घसा कोरडा करणारी ही माणसं. बायकांचा खेळ म्हटल्यावर यांना संस्कृती आठवली. एक प्राध्यापक म्हणाले, “पुरुषांचं ठीक आहे हो, पण गृहिणींच्या मनावर काय परिणाम होईल?”

“गृहिणींच्या अंगावर झालेला परिणाम मी बघितलाय,” अक्का म्हणाल्या. “मनाचं आपण बघू.”

शेवटी समितीनं परवानगी दिली ती एका अटीवर. नको त्या ठिकाणी ऑपरेटरनं भिंगासमोर पुठ्ठा धरायचा. आमच्याकडच्या थिएटरात ही जुनी रीत. सिनेमात काही आलं आणि बाल्कनीत बायाबापड्या असल्या, की ऑपरेटर भिंगासमोर पुठ्ठा नाहीतर नुसता हात धरतो. पडदा काळा, आवाज चालू. सगळ्यांना सगळं कळतं आणि कुणी काही बघितलेलं नसतं. आमच्या सगळ्या समाजाचा कारभार मला तरी असाच दिसतो.

अक्कांनी अट ऐकून घेतली. थेट ऑपरेटरच्या खोलीत गेल्या.

“बापू, पुठ्ठा लावायचा नाही.”

“आवं अक्का, बाया उठून जातील की.”

“जाऊ देत. दार उघडं असेल.”

“आन मला काय वाटंल? माझी आई येनार हाय तवा.”

“आईला चार पोरं झाली, बापू. तिला ठाऊक आहे.”

बापू कानापर्यंत लाल. “बघतो,” म्हणाला.

दुसरा प्रश्न, बायका येणार कशा. मी म्हटलं, पत्रक काढू. मी लिहिलंसुद्धा. ‘पुरुषी वासनेच्या बळी ठरलेल्या भगिनींनो’ अशी सुरुवात होती. अक्कांनी वाचलं.

“हे पत्रक हातात घेऊन तासगावची एक सून सासूसमोर जाईल का? ‘मी जरा वासनेच्या सिनेमाला जाऊन येते’ म्हणेल?”

“मग काय करायचं?”

“हळदीकुंकू. रथसप्तमी व्हायचीय अजून. हळदीकुंकवाला जाऊन येते म्हटलं, की कुठली सासू अडवत नाही. उलट बरोबर येते.”

मी भडकले. संघटनेचा हळदीकुंकवाला विरोध. सवाष्णींचा सण, विधवांना बाहेर ठेवणारा. मी त्यांना तोंडावर विचारलं, “अक्का, तुम्ही स्वतः विधवा. तुमच्याच कार्यक्रमात तुम्ही कोपऱ्यात बसणार?”

“मी कशाला कोपऱ्यात बसते? मी माईकवर असणार. पडद्याखालच्या त्या इंग्रजी ओळी मराठीत कोण सांगणार, तू?” मग म्हणाल्या, “दारात टेबलावर करंडा ठेव. ज्या बाईला लावायचं तिनं आपल्या हातानं लावावं. कोण विधवा, कोण सवाष्ण, आपण विचारायचं नाही. झालं तुझं समाधान?”

झालं नव्हतं. माझं खरं भांडण वेगळंच होतं. “तुम्ही याला आजार म्हणता. म्हणजे बाप्या सुटला. मी आजारी आहे म्हणेल आणि मोकळा.”

इथं अक्कांना राग आला. उंब्रज बोलायला लागलं. “अगं ए, टीबी झालेल्याला आपण शिव्या देत न्हाई. पर त्याच्या ताटात दुसऱ्याच्या पोरीला जेवायला बसवतो व्हय? आजारी हाय म्हणूनच तिला परत धाडायची न्हाई. एवढं साधं तुला कळंना, आन पत्रकं लिहितीस.”

त्यांनी माझं पत्रक कापून चार ओळींचं केलं. ‘नवऱ्याला सारखी बाहेरची ओढ असेल तर त्यात तुमचा दोष नाही. तुमच्या रूपात, स्वयंपाकात, वागण्यात काही कमी नाही. तो एक आजार असू शकतो. त्याच्यावर उपचार होईपर्यंत स्वतःला सांभाळा.’ त्या कागदाच्या पुड्या करून त्यात तिळगूळ बांधला. मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली. बायांनी घरी नेलेलं, लाडू संपल्यावर उलगडून वाचलेलं, एवढं एकच.

कोल्हापूरचा खेळ अक्कांनी जाऊन बघितला. संवाद पाठ करायला. मीही होते बरोबर. एसटीत परत येताना डोळे मिटून पुटपुटत होत्या. शेजारच्या बाईला वाटलं जप चाललाय. तिनं नमस्कार केला.

खेळाच्या दुपारी थिएटर भरलं. सांगलीच्या शाळामास्तरणी, तासगावच्या बागायतदारांच्या सुना, त्यांच्या सासवा, गजरे, कडक साड्या. करंड्यापाशी गर्दी. उंब्रजहून पारूबाई आल्या, सुमनला घेऊन. पारूबाई ठेंगण्या, डोईवर पदर, विहीणबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं म्हणजे समेटाचंच बोलणं असणार म्हणून नवी साडी नेसून आलेल्या. सुमन उंच, काळीसावळी, कुणाकडं बघत नव्हती. अक्कांनी दोघींना तिसऱ्या रांगेत बसवलं.

अक्का पडद्याच्या कडेला माईक घेऊन उभ्या राहिल्या. “हा सिनेमा आहे एका आजारी माणसाचा आणि त्याच्या बायकोचा. लाज वाटली तर डोळे मिटा. कान मिटू नका. ज्यांना जायचं त्यांनी जावं, कुणी नावं ठेवणार नाही.”

सुरू झाला. बायका सिनेमा गप्प बसून बघत नाहीत, हे प्राध्यापकांना ठाऊक नसतं. पहिला प्रसंग आला तसं हॉलभर ‘अगं बाई’ अशी एक झुळूक गेली. काही पदर तोंडावर गेले. दोघीतिघी उठून बाहेर गेल्या. त्यातली एक थोड्या वेळानं परत आली. मग बोलणी सुरू.

“ह्याला कामधंदा न्हाई का गं?”

“पूल बांधतोय न्हवं.”

“कवा बांधतोय? दिस तर ह्यातच चाललाय.”

“आन ती बघ कशी वाढून बसलीया. मी आसते तर ताट पालथं केलं आसतं.”

“करशील. मग सांजच्याला परत वाढशीलच की.”

यावर बऱ्याच जणी हसल्या, आणि लगेच गप्प झाल्या.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. इंजिनियर एका बाईला आपल्याच घरी घेऊन येतो आणि बायको आधीच घरात असते. ती दाराबाहेर बोळकांडीत उभी राहते. भांडत नाही, रडत नाही. आतले आवाज ऐकत उभी राहते. कॅमेरा तिच्यावरून खोलीत जातो.

आणि पडदा काळा झाला. बापूला धीर झाला नव्हता. भिंगासमोर त्यानं हात धरला होता.

काळोख आणि ते आवाज. मी वर ओरडणार एवढ्यात माईकवर अक्का बोलल्या. सिनेमातलं नव्हे.

“ही बाई आत्ता दाराबाहेर उभी आहे. मी पण अशीच उभी राहिलेली आहे. माझ्या घरात, माझ्या मुलाच्या खोलीबाहेर. सून माहेरी गेली होती तेव्हा. माझ्या मुलाला हाच आजार आहे. दिलीपला. तुमच्यातल्या पुष्कळजणी त्याला ओळखता. चांगला मुलगा आहे, तुम्हीच म्हणता. मी पण म्हणते. त्याची बायको सुमन. तिच्यात काही कमी नाही. मी निवडलेली पोरगी आहे, मला ठाऊक आहे. तिला मी परत घरात घेणार नाही. तो बरा होत नाही तोवर नाही. हे मी त्याची आई म्हणून सांगते.”

काळोखात कोण कुठं आहे हे दिसत नव्हतं. मग अक्का त्याच आवाजात म्हणाल्या, “बापू, हात काढ.”

बापूनं हात काढला. पडद्यावर ती बायको परत बोळकांडीत. पडद्याच्या उजेडात मला तिसरी रांग दिसली. सुमन समोर बघत होती. पारूबाईंनी पदर तोंडात धरला होता, पण डोळे उघडे होते.

मागून एका म्हातारीचा आवाज आला, “पुढचं सांगा, अक्का.”

अक्का पुढचं सांगू लागल्या.

उंब्रजच्या बैठकीला मी नव्हते, बोलावलं असतं तर गेले असते. काय झालं ते मला सुमननं सांगितलं. अक्कांचे थोरले भाऊ, गावात वजनदार माणूस, पहिल्याच वाक्यात अक्कांवर आले. “लीले, पोराची अब्रू भर थेटरात काढलीस.”

अक्का म्हणाल्या, “अब्रू माझी हाय, आबा. मला पायजे तिथं खर्चीन.”

दीर म्हणाले, बाप्ये चुकतात, बाईनं पोटात घालायचं असतं. अक्का म्हणाल्या, “बरं. पुढं?” त्यांनी अजून काही सांगितलं. “बरं. पुढं?” तेवढ्यात पारूबाई उठल्या. ज्या बाईनं जन्मात बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, ती म्हणाली, “माजी पोरगी जायाची न्हाई. सासूच म्हणती पाठवू नगा, मी कशी पाठवू? त्या बाईगत माजी पोर दाराभाईर उबी ऱ्हायची न्हाई.”

कुठल्या बाईगत, हे तिथल्या एकाही बाप्याला कळलं नाही. त्यांनी सिनेमा बघितला नव्हता. बैठक तिथंच मोडली.

सुमन पुढं कराडला बालवाडीचं शिक्षण घेऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली. अक्कांना हे सुखासुखी पचलं असं समजू नका. भावानं घरी येणं बंद केलं. तासगावात बायका रस्त्यात थांबून हात दाबायच्या, आणि त्यांचेच नवरे पलीकडच्या कडेनं जायचे. सोसायटीनं ‘शिस्तभंग’ म्हणून त्यांचं सभासदत्व काढलं. माझ्या संघटनेनं मला हळदीकुंकू केल्याबद्दल ठपका ठेवला. दोन्ही बैठकांत ठराव एकमतानं झाले. बाईविरुद्ध एकमत व्हायला आपल्याकडं वेळ लागत नाही, मग बैठक पुरोगामी असो की कशी.

आणि दिलीप? लोकांना वाटलं होतं तो आईच्या अंगावर धावून जाईल. तो आला, उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, “आई, तू सगळ्यांना सांगितलंस.”

“व्हय. आता तुला लपवायचं काम उरलं नाही. उद्या मिरजेला डॉक्टरांकडं जायचंय.”

तो गेला. मग जायचा बंद झाला. मग पळाला. मग अक्कांनी शोधून आणला, परत नेला. गोळ्या सुरू झाल्या, बंद झाल्या. मिरजेचे डॉक्टर म्हणाले साताऱ्याला एकजण आहेत, त्यांना दाखवा. अक्का साताऱ्याला. मी एकदा चिडून विचारलं, “अक्का, सुनेला सोडवलंत, आता स्वतःला कधी सोडवणार?” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू नकाशात सातारा जिल्हा कुठं आहे हेच मला ठाऊक नाही.

“सून परक्याची होती, ती सोडवली,” म्हणाल्या. “हा माझा आहे.”

मी त्यांना शेवटचं बघितलं ते साताऱ्याच्या एसटी स्टँडवर. एका मोर्च्यासाठी गेले होते, परतीची गाडी शोधत होते. भर दुपार, स्टँडवर ही गर्दी. पुरुषांच्या मुतारीच्या दारासमोर, नाकाला पदर न लावता, एक म्हातारी उभी. दोन्ही हातांत दोन पिशव्या. अक्का.

आत जाणारे बाप्ये त्यांच्याकडं बघून अडखळत होते. एकानं म्हटलं, “मावशी, बायकांचं तिकडं हाय.” “ठाऊक आहे,” अक्का म्हणाल्या आणि हलल्या नाहीत. एक पोलीस आला. त्याच्याशी काही बोलल्या. तो खाली मान घालून गेला.

मी जवळ गेले. “अक्का, इथं?”

“दिलीप आत गेलाय. या मुतारीला मागच्या बाजूनं पण दार आहे, पण ते आज कुलूप लावलंय. मी आधी बघून आले.” चेहऱ्यावर लाज नाही, दुःख नाही. परीक्षेच्या हॉलवर असायची तशी नजर. “गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले थोडा फरक आहे. गर्दीच्या ठिकाणी सोबत लागते.”

“मी थांबू?”

“तू कशाला? तुझी सांगलीची गाडी ती लागलीय बघ. जा.”

मी चढले, खिडकीशी बसले. त्यांचीही गाडी आमच्या शेजारीच लागलेली, तासगावची. तिच्या कंडक्टरनं घंटी मारली. अक्कांनी मान वळवली, एक पिशवी खाली ठेवली आणि तो हात वर केला. ओरडल्या नाहीत. नुसता हात वर, आणि पाठ मुतारीच्या दाराच्या चौकटीला टेकलेली.

तासगावची गाडी थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तेवढ्यात आमची सुटली.